‘काय समजलं नाही?’ असं विचारणारे नेमीचंदजी

अनसिंगच्या शाळेत इंग्रजीची शिक्षिका म्हणून मी रुजू झाले, त्याच आठवड्यात खोलीच्या खिडकीला पडदा शिवायचा म्हणून नेमीचंदजींच्या कापडाच्या दुकानात गेले. मी मूळची कोल्हापूरकडची. इकडची बोली कानाला नवी होती. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. गादीवर बसलेले, पांढऱ्या सदऱ्यातले एक गृहस्थ लॅपटॉपमध्ये डोकं घालून काहीतरी पाहत होते. मी दोनदा हाक मारल्यावर त्यांनी मान वर केली आणि कापडाचं नावही न काढता विचारलं, “तुमी शाळेतल्या नव्या इंग्रजीच्या मॅडम नं? बरं झालं आल्या. हे खाली काय लिहून येऊन राह्यलं, वाचा बरं. मी वाचेपर्यंत पळून जाते.”

लॅपटॉपच्या पडद्यावर कुठल्याशा थंड मुलखातलं एक म्हातारं जोडपं बर्फातून लाकडी कपाट ओढत नेत होतं. “हे कपाट काहून नेऊन राह्यले?” नेमीचंदजींना एवढंच जाणून घ्यायचं होतं. मी उभ्या उभ्या खालच्या ओळी वाचून मराठीत सांगू लागले. मध्येच दोन गिऱ्हाईकं आली, तीही उभी राहिली. नेमीचंदजींनी त्यांना कापड मोजून दिलं, पण डोळे पडद्यावरच होते. शेवटी कपाट लेकीच्या घरी पोचलं, आणि मी कापड न घेताच खोलीवर परतले.

आज नेमीचंदजी पंच्याहत्तर वर्षांचे होत आहेत. गौरवग्रंथाच्या संपादकांनी मला त्यांच्या चित्रपट महोत्सवाबद्दल लिहायला सांगितलं, तेव्हा पहिल्यांदा हेच आठवलं. जगभरातले चित्रपट दाखवणारा महोत्सव वाशीम जिल्ह्यातल्या एका मोठ्या खेड्यात कसा सुरू झाला, असं बाहेरचे लोक आश्चर्यानं विचारतात. त्याचं खरं उत्तर एवढंच, की एका कापड दुकानदारांना कपाटाचं कोडं पडलं आणि ते त्यांना एकट्यापाशी ठेववलं नाही.

गावात थिएटर नव्हतं. कापसाच्या जुन्या जिनिंगची रिकामी शेड होती. तिच्या खिडक्यांना दुकानातलं काळं कापड लागलं, भिंतीवर पांढरं. खेळ दिवसाच होत, कारण आसेगाव, इंझोरीकडून येणाऱ्या मंडळींना उजेडात घरी पोचायचं असे. नेमीचंदजी जैन, सूर्यास्ताआधी जेवणं त्यांनी कधी चुकवलं नाही. म्हणून महोत्सवाचं जेवणही त्याच वेळी, त्यांच्याच घरी. परदेशातल्या दिग्दर्शकांना पाठवायचं पत्र ते मला सांगत आणि मी इंग्रजीत लिहीत असे: “आमच्याकडं पडदा हाये, मानसं हायेत, पाहाची हौस हाये. बक्षीस नाही. तुमी आले तं जेवन मिळन, पन दिवस बुडाच्या आधी.” हे जसंच्या तसं लिहायचा त्यांचा आग्रह असे. अशा पत्राला कोण उत्तर देईल, असं मला वाटे. उत्तरं येत. कित्येकांनी चित्रपट पाठवताना आधी तेच विचारलं, की दिवस बुडायच्या आधी का?

खालच्या ओळी वाचणं सगळ्यांना जमणारं नव्हतं. म्हणून मी माइक घेऊन पडद्याच्या बाजूला बसे आणि पात्रं बोलत तसं मराठीत सांगे. खेळ संपला की नेमीचंदजी पुढे येत. ‘कसा वाटला’ असं त्यांनी एकदाही विचारलं नाही. “कसा वाटला म्हटलं का लोकं ‘छान’ म्हनतात अन् घरी जातात,” असं ते मला म्हणाले होते. ते विचारत, “काय समजलं नाही, ते सांगा.” मग तासभर बोलणं चाले. त्या देशात लग्नात काळे कपडे का घालतात, तिथली बाई सासऱ्यासमोर खुर्चीवर कशी बसली, गाईला नाव आहे मग बैलाला का नाही. उत्तर आलं नाही, तर नेमीचंदजी ते लिहून घेत आणि मी दिग्दर्शकांना कळवत असे.

दुसऱ्या वर्षी माझ्या हातून एक मोठी चूक झाली. चित्रपटात एका घरातला कर्ता मुलगा निघून जातो. आई शेजारणीला सांगते, त्याची खाली ओळ आली, आणि मी माइकवर म्हणाले, “तो गेला.” मागं वळून पाहते तर बायका डोळ्यांना पदर लावून बसलेल्या. मला वाटलं, चित्रपट लागू पडला. दहा मिनिटांनी तोच मुलगा खांद्यावर पिशवी टाकून दारातून आत आला, आणि शेडमध्ये एकच गोंधळ उडाला.

“अवो मॅडम, हा तं मेला होता नं?”

“मंग आमी रडून कायले राह्यलो होतो?”

हसण्यानं शेड दणाणली. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. खेळ संपताच माइक ठेवून मागच्या दारानं निघायचं आणि पुन्हा हे काम करायचं नाही, असं मी ठरवलं होतं. पण त्याआधीच खेळ थांबवून नेमीचंदजींनी माझ्या हातून माइक घेतला आणि शांतपणे म्हणाले, “मॅडम ‘गेला’ म्हनाल्या. मेला म्हनाल्याच नाही. आपुनच मेला समजलो. आता मले हे सांगा, गावातून गेलेलं मानूस वापस येते, असं आपल्याले वाटत काहून नाही?”

हसणं थांबलं. मग पाठीमागून एक गृहस्थ उठले आणि पुण्याला गेलेल्या त्यांच्या मुलाबद्दल बोलू लागले. त्यांच्यामागून दुसरे. एका बाईंनी सांगितलं, की त्यांची लेक फोन करते, पण घर कधी आठवतं का, हे त्या तिला विचारत नाहीत, कारण उत्तराची भीती वाटते. त्या दिवशी चित्रपट जेवढा चालला नाही, तेवढं बोलणं चाललं. माझी चूक झाकली गेली नाही. नेमीचंदजींनी ती सगळ्यांच्या उपयोगी पाडली. मी माइक सोडला नाही.

आता जे लिहिते आहे, ते नेमीचंदजींना विचारूनच लिहिते आहे. “ते टाकलं नाही तं बाकीचं खोटं होईन,” असं त्यांनीच मला बजावलं.

एका वर्षी समुद्रकाठच्या एका गावाचा चित्रपट होता. नवरा वारल्यावर त्याची नाव चालवायला शिकणाऱ्या एका बाईची ती गोष्ट. खेळानंतर नेहमीचा प्रश्न झाला. आसेगावच्या पार्वताबाई उठल्या. त्या स्वतः शेती करतात, दरवर्षी एस.टी.नं येतात आणि पहिल्या रांगेत बसतात.

“शेठजी, मले सारं समजलं. एकच समजलं नाही.”

“बोला, पार्वताबाई.”

“तुमच्या घरी कमलाबाई हायेत. इतके वर्स झाले, तुमी आमाले सिनेमे दाखवून राह्यले. त्या बाईले एकबी दिवस इथं काहून नाही आनलं?”

कमलाबाई या नेमीचंदजींच्या धाकट्या भगिनी. लग्नानंतर थोड्याच वर्षांत पती वारले आणि त्या माहेरी परतल्या. नेमीचंदजींच्या पत्नींच्या निधनानंतर सगळं घर त्याच सांभाळत. स्वयंपाकघर आणि मंदिर याखेरीज त्या कुठे दिसत नसत. आमच्यातले एक कार्यकर्ते पुढे होऊन म्हणाले, “बाई, हा घरातला मामला हाये.” नेमीचंदजींनी त्यांना हातानं थांबवलं.

“नाही. सवाल बराबर हाये.” ते माइकवरच बोलत होते. “मी तिले कधी विचारलंच नाही. मले वाटे, तिले आवडत नसन.”

“आवडत नाही, हे तुमाले कसं माहीत?”

“नाही माहीत,” नेमीचंदजी म्हणाले.

त्यांनी कार्यक्रम तिथंच संपवला आणि मला बरोबर यायला सांगितलं. चार वाजले असतील. कमलाबाई स्वयंपाकघरात भाजी निवडत होत्या. नेमीचंदजी दारातच उभे राहिले.

“कमल, सिनेमा पाहाले येतं का?”

कमलाबाईंनी मान वर केली नाही. “कोन्ता?” त्यांनी विचारलं.

नेमीचंदजी तिथल्या पाटावर बसले. मग कमलाबाईच म्हणाल्या, “तुह्या सदऱ्याच्या खिशातले पत्रकं धुवाच्या आधी मीच काढतो. सारे वाचले हायेत. मागच्या साली तो पहाडातला होता नं, भट्टीवाल्या बाईचा? तो पाहाचा होता मले.”

“मंग सांगितलं काहून नाही?”

“तू विचारलं काहून नाही?”



दुसऱ्या दिवशी नेमीचंदजींनी माझ्याकडून त्या पहाडी चित्रपटाच्या दिग्दर्शिकांना पत्र लिहवून घेतलं. त्या जॉर्जिया देशातल्या, नाव तामार. एकदा दाखवलेला चित्रपट पुन्हा का हवा, याचं कारण नेमीचंदजींनी लपवलं नाही: ‘माझी बहीण पाहायची राहिली, चूक माझी.’ उत्तर आलं, की चित्रपट घेऊन मी स्वतःच येते.

तामारबाई आल्या त्या दिवशी कमलाबाई पहिल्यांदा शेडमध्ये आल्या आणि पार्वताबाईंच्या शेजारी बसल्या. चित्रपटात डोंगरातली एक विधवा बाई सगळ्या गावासाठी भट्टीत रोट्या भाजते. संपल्यावर नेमीचंदजींनी नेहमीचा प्रश्न विचारला. कमलाबाई उभ्या राहिल्या. डोक्यावरचा पदर सारखा करून म्हणाल्या, “त्या बाईच्या घरात इतके मानसं हायेत. रोट्या साऱ्यायले पाह्यजे. मंग भट्टीजवळ ती एकटीच काहून?”

मी तो प्रश्न इंग्रजीत सांगितला. तामारबाईंनी सांगितलं, की हा चित्रपट त्यांनी अनेक देशांत दाखवला. प्रकाशाबद्दल, संगीताबद्दल विचारणारे भेटले. हे कुणी विचारलं नव्हतं. “माझी आई अशीच एकटी उभी असायची,” त्या म्हणाल्या, “म्हणून मीही तिला तशीच उभी केली. ती एकटी का, हे मीच कधी विचारलं नाही.” मी ते मराठीत सांगितलं. जेवण त्या दिवशीही सूर्यास्ताआधीच झालं, पण वाढायला पहिल्यांदा नेमीचंदजी उभे राहिले, आणि कमलाबाई पाहुण्यांच्या पंगतीत बसल्या.

आता चित्रपटांची निवड कमलाबाई, पार्वताबाई आणि आणखी दोघी मिळून करतात. निवड कडक असते. मोठी बक्षिसं मिळवलेला एक चित्रपट कमलाबाईंनी एका वाक्यात परत पाठवला: “ह्यानं आपल्याले रडवाचं आधीच ठरवलं हाये.” मुंबईहून आलेल्या एका अभ्यासकांनी नेमीचंदजींना विचारलं होतं, की तुमच्या महोत्सवाचा सामाजिक परिणाम काय? नेमीचंदजी म्हणाले, “बाकी गावाचं मले सांगता येत नाही. माह्या घरात झाला.” आणि या लेखासाठी मी कमलाबाईंकडे गेले, तेव्हा त्यांनी मला सांगितलं, “चांगलंच लिहा, पन खरं लिहा. त्यानं लय उशिरा विचारलं. पन भर लोकायसमोर चूक कबूल करून विचारलं. हे बी किती जन करतात?”

नेमीचंदजींचा गुडघा हल्ली कुरकुर करतो. सत्काराच्या शालीला त्यांनी नकार दिला आणि संपादकांना एक वही दाखवली. तीत, ज्या देशांचा एकही चित्रपट अजून अनसिंगला आला नाही, त्यांची नावं आहेत. “पंच्याहत्तरी झाली म्हनता,” ते म्हणाले, “अन् मंगोलियात लोकं सकाळी उठून काय करतात, हे मले अजून माहीत नाही.”

त्यांना निरोगी, उदंड आयुष्य लाभो. गुडघा त्यांना शेडपर्यंत रोज नेवो आणि डोळे असेच तीक्ष्ण राहोत. वहीतला एकेक देश अनसिंगला येऊन जावो, आणि सगळे देश संपले, की नेमीचंदजींनी आम्हाला पहिल्यापासून पुन्हा सगळं पाहायला लावावं. तोवर आम्हाला न समजलेलं पुष्कळ साठलेलं असेल.