हे दुखणं कुणाचं?

जिनिंगचा सीझन संपला की सरकी काढणारे रेचे थांबतात आणि तोंडं सुरू होतात. सेलूच्या एका जिनिंगमध्ये मी वायरमन होतो. उन्हाळ्यापासून दसऱ्यापर्यंत कापूस नाही, गाठी नाहीत. आम्ही मशिनी खोलायच्या, तेलपाणी करायचं आणि टिनाच्या शेडमध्ये बसून गप्पा हाणायच्या. एकानं किस्सा सांगितला की दुसऱ्याच्या पोटात दोन तयार! त्यातले निम्मे थापा असायचे, हे मला मान्य आहे. पण भागाबाईचे किस्से थापा असते तर फार बरं झालं असतं, असं मला आजही वाटतं.

भागाबाई देवगाव फाट्याजवळ राहायची. घरच्या मेंढ्या होत्या. म्हातारी शिंगी लावायची. म्हणजे बैलाच्या शिंगाचा पोकळ तुकडा, टोकाला बारीक भोक. रुंद तोंड दुखऱ्या जागी टेकवायचं, टोकातून तोंडानं हवा ओढायची आणि भोक मेणानं बुजवायचं. शिंग कातडीला असं चिकटायचं की ओढलं तरी निघायचं नाही. आता शहरात काचेचे पेले लावून हेच करतात आणि त्याला थेरपी म्हणतात. भागाबाई पैसे घ्यायची नाही. घेतले तर हाताचा गुण जातो, म्हणायची. शिंग बसलं की ती डोळे मिटायची आणि एकच प्रश्न विचारायची.

"हे कुणाचं हाय?"

दुखणं ज्याचं निघेल त्याच्या घरची पसाभर ज्वारी तिला लागायची, आणि त्याचा होकार. "इचारल्याबिगर दुसऱ्याचा माल मी काढत न्हाई!"

नामांतराच्या त्या वर्षांत, एसटी कधी चालू तर कधी बंद असायची तेव्हा, माझा उजवा खांदा धरला. हात छातीच्या वर जाईना. वायरमनचा हात वर जात नाही म्हणजे काय, हे सांगायला नको. मॅनेजरसाहेबांनी तोंडावर सांगितलं, "दसऱ्याला मशिनी चालू होणार. तोवर खांबावर चढलास तर तू, नाहीतर मी दुसरा माणूस बघतो." परभणीच्या डॉक्टरच्या सुया झाल्या, मालिश झालं, शेक झाला. उरली भागाबाई. जावं की न जावं? मी शेडमध्ये विषय काढला, आणि सगळे सरसावून बसले.

*

सुरुवात किसन हमालानं केली. स्वतःचाच किस्सा.

गाठी उचलून उचलून त्याची कंबर गेली होती. भागाबाईनं शिंग लावलं आणि विचारलं, "कुणाचं हाय?"

किसन वैतागला. "माज्या कमरेत हाय म्हणल्यावर माजंच की!"

"तुजं न्हाई. घरात तुज्यापरीस जास्ती ओझं कोण वाहायलंय?"

किसनला वाटलं, बायको. तिला विचारलं, ती हो म्हणाली, ज्वारी दिली. शिंग निघालं आणि गडी ताठ चालत घरी गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी गोठ्यात त्याचा बैल बसलेला. उठेचना. शेपटी पिरगाळली, ढोरांचा डॉक्टर आणला, काही नाही. किसन पळत फाट्यावर गेला.

म्हातारी म्हणाली, "बैलाला इचारलं व्हतं का?"

बैल पंधरवड्यानं उठला, पण औताला पुन्हा लागला नाही. "तवापासून मी त्याच्याम्होरं कण्हत न्हाई," किसन म्हणाला. कुणी हसलं नाही, म्हणून मग तो स्वतःच हसला.

*

मॅनेजरसाहेबांचा किस्सा मी सांगितला, कारण तो माझ्या डोळ्यांसमोरचा.

साहेब औरंगाबादकडचे. असल्या गोष्टींना ते 'नॉनसेन्स' म्हणायचे. आदल्या उन्हाळ्यात त्यांची मान अवघडली, तेव्हा मात्र गपचूप जीप काढून फाट्यावर जाऊन आले. ड्रायव्हरच्या तोंडात तीळ भिजत नव्हता, त्यामुळे साहेब परत यायच्या आत आम्हाला कळलं!

दोन दिवसांनी ऑफिसचा पंखा बंद पडला म्हणून मला बोलावलं. साहेब नुसत्या बनियनवर बसलेले. दार लावून घेतलं आणि हळूच म्हणाले, "वायरमन, पाठीवर डाग किती दिसतात रे?"

बनियन वर करून पाहिलं. काळेनिळे, वाटीच्या तोंडाएवढे गोल डाग. "तीन, साहेब."

"नीट बघ."

"तीनच हायत साहेब."

साहेब वर पंख्याकडे बघायला लागले. पंखा तर बंद होता.

"तिनं दोनच शिंग्या लावल्या होत्या," ते म्हणाले.

भर मे महिन्यात कोट घालून बसणारा मॅनेजर मी तेवढाच पाहिला.

*

आमचा चहावाला मारोती लय बाराचा. म्हातारीचं पितळ उघडं पाडतो म्हणून पैज लावून गेला. काही दुखत नसताना डाव्या कुशीवर हात ठेवून लागला विव्हळायला. भागाबाईनं शिंग लावलं, डोळे मिटले, आणि पहिल्यांदाच तिच्या कपाळाला आठी पडली.

"हितं तर कायबी न्हाई."

"असं कसं? लय दुखायलंय की मावशी!"

"बरं," म्हातारी म्हणाली आणि शिंग काढून घेतलं.

मारोती हसत हसत परत आला. संध्याकाळी चहाची किटली उचलायला वाकला तो वाकलाच. कुशीत कळ! दुसऱ्या दिवशी पुन्हा फाट्यावर. पाया पडला, पैजेचं खरं सांगून टाकलं. म्हणाला, "मावशी, हे कुणाचं हाय ते सांगा, मी पायली पायली ज्वारी देतो."

म्हातारीनं मेंढ्यांकडं बघत उत्तर दिलं. "काल रिकामी जागा व्हती. तू बोलवलंस, ते आलं. आता ते तुजंच हाय."

हा किस्सा मारोतीनं स्वतः सांगितला, डाव्या कुशीवर हात धरून, उजव्या हातानं आम्हाला चहा देत.

*

इब्राहिमभाई फिटर तोवर काहीच बोलला नव्हता. त्याचा गुडघा कित्येक वर्षं धरलेला होता, लंगडत चालायचा. मी म्हणालो, "भाई, तेव्हा तुम्ही का नाही गेलात?"

"गया था ना," तो म्हणाला. "हमारे में बी लगाते ये, पन गिलास लगाते. ये बुढ़िया पूछती भोत."

भागाबाईनं त्याला सांगितलं होतं की हे तुझ्या भावाचं आहे. त्याचा धाकटा भाऊ हैदराबादकडं ट्रकवर गेला होता, तो परत आलाच नव्हता. पत्र नाही, निरोप नाही. "हे काढू नगं," म्हातारी म्हणाली. "त्यो हाय तवर हे दुखंल. दुखतंय म्हणजे त्यो हाय."

इब्राहिमभाईनं स्वतःच्या हातानं शिंग उपटून काढलं आणि लंगडत घरी आला. त्यानंतर कधी गुडघ्याला तेलसुद्धा लावलं नाही. कळ आली की हसायचा. आम्हाला वाटायचं, माणूस सोसणारा आहे!

त्याचं पुढचं मात्र आम्ही सगळ्यांनी पाहिलं होतं, फक्त अर्थ त्या दिवशी कळला. मागच्या पावसाळ्यात एका दुपारी इब्राहिमभाई रेच्याखालून उठला आणि सरळ चालत नळाकडे गेला. ताठ, लंगडण्याचं नाव नाही. किसननं टाळ्या वाजवल्या, मारोती म्हणाला, "भाई, पेढे पायजेत!" इब्राहिमभाई नळाशी उभा राहिला. एकदा पाय वाकवला, पुन्हा वाकवला. मग हात धुतले, टोपी घातली आणि कुणाशी न बोलता घरी गेला. चार दिवस आला नाही.

मला ते आठवलं. मी विचारलं, "मग खबर कधी आली?"

"अब तक नै आयी," इब्राहिमभाई म्हणाला.

मारोतीनं कप गोळा केले. त्या दिवशी गप्पा तिथंच संपल्या.

*

मी घरी येऊन बायकोला सांगितलं की मी काही भागाबाईकडे जाणार नाही. मला भीती वाटत होती, हे सरळच सांगतो. माझं असलं तर ठीक, पण दुसऱ्या कुणाचं निघालं तर?

कौसा, माझी बायको, तोंडाची फटकळ. म्हणाली, "कामून घाबरायलात? हात वर न्हाई गेला तर चुलीवर काय ठिवू, तुमचा पान्हा? कुणाचंबी निघू द्या. चला, मी येते संगट."

दसऱ्याच्या आदल्या दिवशी आम्ही दोघं फाट्यावर गेलो. कौसानं पदरात पसाभर ज्वारी बांधून घेतली होती. मी म्हणालो, "अगं, कुणाच्या घरची लागेल हे अजून कळलंय कुठं?" तिनं पदराची गाठ आणखी घट्ट केली.

भर दुपार होती. बाभळीखाली मेंढ्या माना खाली घालून बसल्या होत्या. भागाबाईनं माझ्या खांद्यावर शिंग ठेवलं, हवा ओढली, मेण लावलं. कातडी आत खेचली गेली. मग तिनं डोळे मिटले आणि मी त्या प्रश्नाची वाट बघत बसलो.

तिनं विचारलंच नाही.

डोळे उघडून ती कौसाकडे बघत होती. मी मान वळवली तर सगळ्या मेंढ्यांनी माना वर केल्या होत्या, आणि त्याही तिकडंच बघत होत्या. एकही रवंथ करत नव्हती.

कौसानं पदराची गाठ सोडली.

"माजंच हाय," ती म्हणाली. "आणा इकडं."

"कौसे, चेष्टा करू नकोस," मी म्हणालो.

भागाबाई तिला म्हणाली, "बाई, मला इचारावं लागतंय. काढू?"

"काढा म्हणलं नं! त्यांला खांबावर चढायचंय. मला कुठं चढायचंय?"

शिंग निघालं. मी हात वर केला. बाभळीच्या फांदीला लागला! मी वेड्यासारखा हसलो, रडलो, म्हातारीच्या पाया पडलो. परतीच्या एसटीत कौसा उजवा हात पदराखाली घेऊन खिडकीशी बसून होती. दमली असेल, असं मला वाटलं. त्या रात्री कित्येक महिन्यांनी मी उजव्या कुशीवर झोपलो.

दुसऱ्या दिवशी दसरा. जिनिंगमध्ये मशिनींची पूजा. आवाराला झेंडूच्या माळा, कामगारांच्या बायका ताटं घेऊन आलेल्या. मॅनेजरसाहेब खाली उभे, आणि मी सगळ्यांसमोर सरसर खांबावर चढलो. लाईन जोडायला हात उचलला, उचलला गेला. खालून किसननं शिट्टी मारली.

पहिलं कुंकू लावायचा मान त्या वर्षी वायरमनच्या बायकोला दिला होता. मी वरून बघितलं. कौसानं बोट कुंकवात बुडवलं आणि मशिनीला लावलं, डाव्या हातानं. बायका कुजबुजल्या. एक म्हातारी तर पुढे होऊन तिचा हात धरायला गेली.

मी वरूनच ओरडलो, "कौसे! उजव्या हातानं लाव!"

तिनं मान वर केली. उजवा हात पदराखालीच होता.

"तुमी खाली बघू नका," ती म्हणाली. "काम करा."