यंत्रातलं सत्तर साल

धाराशिवच्या दूध संघाला ते जुनं वर्कस्टेशन, म्हणजे दणकट संगणक, मीच आणून दिलं. ऐंशीचं दशक सरत आलेलं, पाऊस दोन वर्षं रुसलेला. मुंबईच्या विकणाऱ्याशी घासाघीस करून मी भाव पाडला आणि त्या तोऱ्यात यंत्र आतून पाहिलंच नाही.

त्याला दोन टर्मिनल, पडदा नि कळफलक असलेली, जोडायची होती. त्यासाठी प्रणालीचा गाभा, म्हणजे कर्नल, नव्यानं बांधावा लागे. मॅनेजरला वाटलं कुणी फौजी साहेब येणार. कर्नल कधी पोचतेत, असं ते दोन दिवस विचारत होते. खरं कळल्यावर हसले नाहीत. शनिवारपर्यंत जमलं नाही तर यंत्र उचला, काम पुण्याच्या कंपनीला देऊ, म्हणाले. मी जिल्ह्यातल्याच वाशीच्या बाजारात रेडिओ दुरुस्त करत वर आलेला. टायवाल्यांपुढं माघार घेणार नव्हतो.

पहिल्या दिवशी बांधलेल्या कर्नलला एकच टर्मिनल दिसलं. दुसऱ्या दिवशी चुकीची ओळ सापडली, सुधारली, पुन्हा बांधायला सांगितलं. यंत्राचं उत्तर : सगळं ताजं आहे, करण्यासारखं काही नाही. फाइल उघडली, तर माझी ओळ जागेवर. तरी यंत्र जुन्याच चुकीसह उठे. मी पुसावं, लिहावं. जणू माझा हात त्याला दिसतच नव्हता. भर दुपारी, बंद खोलीत, पाठीमागं कुणी उभं आहे असं वाटू लागलं.

शुक्रवारी संघाचे म्हातारे शिपाई पाण्याचा तांब्या घेऊन आले. आम्ही त्यांना मामा म्हणायचो. पडद्याकडं बघून म्हणाले, "ह्यात सत्तर सालच चाललंय व्हय, शेठ?"

एक जानेवारी, एकोणीसशे सत्तर. यंत्रातल्या घड्याळाची बॅटरी विकणाऱ्यानं काढून घेतली होती. लाइट गेली की यंत्र सत्तर सालात, जिथून ते काळ मोजायला लागतं तिथं, परतायचं. पहिल्या दिवशी तारीख मी हातानं घातली होती, पुढं विसरलो. त्यामुळं माझ्या नव्या दुरुस्त्या यंत्राच्या लेखी कर्नलहून जुन्या, म्हणून ते बांधतच नव्हतं.

मामा हलले नाहीत. "म्हंजे बहात्तरच्या आधी. आमची थोरली हाय मग अजून."

त्यांची मुलगी बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडताना दगावली होती. मी तारीख टाकायला लागलो.

"जरा थांबा की, शेठ."

लाइट कधीही गेली असती. मी खेकसलो, व्हा बाजूला, आणि तारीख टाकून ओळ पुन्हा लिहिली. तासाभरात दोन्ही टर्मिनल लागली. संघाच्या सभेत मॅनेजरनं सांगितलं की पुण्याच्या साहेबांनी फोनवर युक्ती दिली. ते मी अजून विसरलेलो नाही.

लाइट जातच राहिली. सकाळी यंत्र चालू करायचं काम मामांनी मागून घेतलं. एकदा मी लवकर पोचलो. दार लोटलेलं होतं. आत ते पडद्याला हळू आवाजात सांगत होते, "बाई, खडीवर जाऊ नगंस. काय बी झालं तरी जाऊ नगंस." मग पुढं वाकले, कान देऊन ऐकावं तसे. मधूनच म्हणाले, "व्हय."

तारीख घालायची होती. मी बाहेरच ओट्यावर बसून राहिलो.