घट्ट होत गेलेली मांडी

जाळं ओढायच्या विंचवर दोर चढत होता आणि त्यात माझा उजवा पाय सापडला. बोट माझी, ती चालवणारा तांडेलही मीच, त्यामुळे शिव्या घालायला दुसरं कुणी नव्हतं. खलाशांनी मशीन बंद करेपर्यंत मांडीचं पुढचं मांस गेलं होतं. हाड मात्र शाबूत राहिलं. रेवदंड्यातला जो भेटेल तो म्हणायचा, नशीब थोर, हाड वाचलं. गुडघा सरळ करणारं मांसच नसेल तर ते हाड काय चाटायचंय, असं त्यांच्या तोंडावर म्हणावंसं वाटायचं. एक-दोघांना म्हणालोही.

मुंबईच्या डॉक्टरांनी समजावलं ते मला चटकन कळलं. जाळ्याला लहान भोक पडलं तर कडेचे धागे धरून ते विणून काढता येतं. हातभर जाळंच गेलं तर धरायला धागे उरत नाहीत. मांसाचंही तसंच. थोडं फाटलं तर आपलं आपण भरतं, पण गठ्ठाच गेला तर शरीर तिथे नुसता वण भरून मोकळं होतं, आणि वणाला पाय उचलता येत नाही. म्हणून त्यांनी माझ्या पाठीचा पसरट स्नायू काढून मांडीत बसवला, त्याच्या रक्ताच्या नळ्या आणि नस जोडली. नस हळूहळू आत वाढेल, मग हे मांस तुमचं ऐकायला लागेल, म्हणाले. तोवर स्वतःहून जेवढं आवळता येईल तेवढंच आवळायचं, आवळलं की सैल सोडायचं. चोळायचं नाही, रेटायचं नाही. आई शेजारी बसून सगळं ऐकत होती. तिने मानही डोलावली.

पुढे कित्येक महिने ते मांस मांडीत उसनं आणल्यासारखं पडून होतं. मग एका सकाळी चहा पिता पिता ते थरथरलं. मी पुन्हा आवळून पाहिलं, पुन्हा थरथरलं. मी आईला हाक मारली आणि लहान मुलासारखा रडलो. मी परत बोटीवर उभा राहणार, याची त्या दिवशी मला पक्की खात्री झाली होती.

आईचा जन्म मासळी विकण्यात गेला. मासा घेताना ती डोळे बघत नाही, कल्ले उघडत नाही. अंगठा दाबते. मांस लगेच वर आलं, हाताला घट्ट लागलं, तर ताजं. खड्डा राहिला तर शिळं. एवढ्या वर्षांत तिला कुणी फसवू शकलं नव्हतं. त्या सकाळी तिने माझ्या मांडीवर अंगठा दाबला आणि तिचा चेहराच उतरला.

"मऊ हाय रं," ती म्हणाली. "ह्यात जीव न्हाय अजून."

"आये, सैल सोडल्यावर मऊच लागायला पायजे. डॉक्टर बोललेत."

"मांस कसं असतं ह्ये मना डॉक्टरांनी शिकवायचं?"

दुसऱ्या दिवसापासून किहीमहून आणलेलं खोबरेल कोमट करून ती मांडी रगडायला बसली. बोटीच्या लाकडाला तेल लागतं, तर माणसाला नको का, हे तिचं म्हणणं. तिच्या हातात जोर होता. मी कळवळलो की म्हणायची, दुखतंय म्हणजे जिवंत हाय. गुडघा वाकेना तशी पोटरी धरून तो वाकवायला लागली. मी ओरडलो, भांडलो, एकदा तेलाची वाटी भिरकावली. ती उठली, फरशी पुसली आणि दुसऱ्या वाटीत तेल घेऊन परत बसली.

आणि मांडी खरंच घट्ट व्हायला लागली. आईचा आनंद गगनात मावेना. बाजारातल्या तिच्या मैत्रिणी बघायला यायच्या, पदराला हात पुसून पाळीपाळीने अंगठा दाबायच्या. "भरला गो तुझा पोर," म्हणायच्या. मीही हसायचो, पण आतून धास्तावलो होतो. आवळली तरी घट्ट आणि सोडली तरी घट्ट, असं कसं? शिवाय जागा गरम लागायची, उन्हातल्या दगडासारखी. आधी मांडी घालून जेवायला बसता यायचं, मग खुर्ची लागली, मग खुर्चीतही पाय समोर सरळच राहायला लागला. सकाळचं ते थरथरणं कधी थांबलं, ते माझ्या लक्षातही आलं नाही.

"गुडघा मुळीच वाकत न्हाय, आये."

"भरलेलं मांस जड असतंच. पौर्णिमेला नारळ तूच सोडशील दर्यात."

शेवटी मी हट्टाने मांडव्याहून मुंबईची लाँच पकडली. आईही सोबत आली. डॉक्टरांनी मांडीवर हात ठेवला, दोनदा दाबून पाहिलं. एक्स-रे काढला. मांसाच्या जागी पांढरं दिसत होतं.

"हा स्नायू नाही," ते म्हणाले. "दुखावलेलं मांस सारखं चोळलं, ताणलं की कधीकधी त्यात हाड तयार होतं. घरी मालिश कोण करायचं?"

"कुनी न्हाय," मी म्हणालो.

"मी करायची," आई म्हणाली. "रोज."

डॉक्टर माझ्याकडे वळले. हाड पक्कं झाल्यावर काढता येईल, पण त्यात अडकलेला जिवंत स्नायूही जाईल, असं त्यांनी मला सांगितलं. बोटीवर उभं राहता येईल का, मी विचारलं. ते नाही म्हणाले.

परतताना लाँचमध्ये आई हात पदराखाली घेऊन बसली होती. पाय ठणकत होता. मी म्हणालो, "आये, जरा हात ठेव गो." मला खरंच तो हवा होता. ती खिडकीतून बाहेर बघत राहिली.

बोट आता दुसरा तांडेल चालवतो. आई माझं सगळं करते. जेवण वाढते, कपडे धुते, औषधांची वेळ चुकवत नाही. पण मला खुर्चीतून उठायला आधार लागला की ती दारात जाऊन शेजारच्या वहिनीला हाक मारते. त्या दिवसापासून तिने माझ्या अंगाला हात लावलेला नाही.