गुलनारबीचा एका पारड्याचा तराजू

तर काल आपण गुलनारबीला उत्तमराव कासारांच्या दुकानाच्या पायरीवर सोडून आलो होतो. डोक्यावर पदर, काखेत लाल कोंबडी, आणि उत्तमराव विचारताहेत, "बाई, तराजू घ्याले आली का कोंबडी इकाले?"

"जिले तोलाचं हाये, तिलेच पसंत करू द्या ना भाऊ!" असं म्हणून ती सरळ आत शिरली.

जुन्या अकोल्यात, मोर्णेच्या काठी तिचं घर. नवरा रऊफ कापसाच्या गाड्या हाकत सदा खामगावच्या वाटेवर. कोंबड्यांचा कारभार सगळा हिचा. तोवर आपल्या वऱ्हाडात जिवंत कोंबडी तोलतो कोण? पायाला धरून उचलायची, हात जरा खालीवर करायचा, की सौदा पक्का. पण कापसाला सोन्याचे दिवस आले, आगगाडीच्या रस्त्याचं काम निघालं, साहेबांचा तळ पडला. तळाचा खानसामा जैनुद्दीन मोठा चिकट माणूस. म्हणाला, "तोलून देशीन त रोज घेतो. नाई त पातूरहून मागवतो." आणि गुलनारबीने तर त्या तळाच्या भरवशावर अंगणभर कोंबड्या वाढवून ठेवलेल्या! पाय ठेवायला जागा नाही.

त्या दिवसांत तराजू मिळणंही सोपं नव्हतं. धडका तराजू दिसला की कापूसवाले उचलून नेत. उत्तमरावांकडे उरलेले तीन. पहिला कापसाचाच, आढ्याला टांगलेला, थोरला. त्यात कोंबडी ठेवली तर दांडी ढिम्म हलेना. कोंबडी मात्र ऐसपैस बसून डोळे मिटू लागली. दुसरा सोनाराचा, लखलखीत पितळी. त्यात तिचं एक पाऊल कसंबसं मावलं. तिसरा किराण्याचा, एक पारडं कधीच तुटून गेलेलं, म्हणून मोडीच्या भावात. एवढाच काय तो गुलनारबीला परवडणारा. त्याच्या उरलेल्या पारड्यात कोंबडी ठेवली मात्र, तिने असे पंख झाडले की पारडं उलटलं आणि शेजारचं शेराचं वजन घरंगळून उत्तमरावांच्या अंगठ्यावर.

"मेलो वो माय! ने बाई तुई कोंबडी घरी!"

गुलनारबीने कोंबडीचे पाय धरून तिला उलटी उचलली. उलटी होताच कोंबडी गप्प. तिच्याकडे बघता बघता गुलनारबीला हसू फुटलं. "भाऊ, दुसरं पारडं पाह्यजे कोनाले?"

पारडं तुटल्या बाजूला नुसता आकडा लोंबत होता. तिने त्याला चिंधीत एक दगड बांधला, गेलेल्या पारड्याच्या भाराएवढा. दांडी सरळ झाली. मग त्याच आकड्याला कोंबडी टांगली आणि समोरच्या पारड्यात वजनं टाकली. कोंबडी हलेना की फडफडेना. अंगठा चोळत उत्तमराव म्हणाले, "हे वजनं बी घेऊन जाय माय. इथं ठेवशीन त दुसरा पाय जाईन."

दुसऱ्या दिवशी तळावर खानसाम्याने तराजू पाहिला आणि कपाळाला आठ्या घातल्या. "कोंबडीसंगं दगड बी इकून राहिली का तू?"

गुलनारबीने कोंबडी सोडवली, वजनं काढली. दगड एकीकडे, रिकामं पारडं एकीकडे, दांडी सरळच्या सरळ. भोवती जमलेले मजूर हसले. तेवढ्यावर मुकाट्याने हो म्हणेल तो जैनुद्दीन कसला! चार माणसांत हसं झालेलं. तो दाढी कुरवाळत म्हणाला, "ते ठीक हाये. पन कोंबडी उलटी टांगली त रगत डोक्यात उतरते. वजन वाढते!"

आता मात्र मजुरांनी घमेली खाली ठेवली. गुलनारबीने जे उत्तर दिलं, त्यावर खुद्द जैनुद्दीन पोट धरून हसला, आणि पातूरची कोंबडी त्या तळावर कधी आली नाही. ती म्हणाली, "असं म्हन्ता? मंग आधी तुमाले सुलटं तोलतो, मंग उलटं टांगून तोलतो. गुंजभर जरी वाढले ना खानसामे, त अंगनातल्या साऱ्या कोंबड्या फुकट घेऊन जा!"