मथुरबायचा गुळाचा डबा

नेऱ्याची मथुरबाय पनवेलच्या बाजारात बेडकीच्या वेलीचा पाला विकायची. गिऱ्हाइकाला ती आधी दोन पानं चावायला देई आणि मग पितळी डब्यातला गुळाचा खडा जिभेवर ठेवायला लावी. गूळ मातीसारखा लागे. माणूस चक्रावला की ती म्हणे, "साखरंच्या दुखन्यावर हाय."

माझ्या वडिलांना, आबांना, मधुमेह होता. गिरणीत पोती वाहून त्यांनी मला बी.एस्सी. केलं होतं. त्यांच्यासाठी पाला मीच घेतला. मी शिकवायचो त्या शाळेच्या प्रयोगशाळेतलं निळं द्रावण आणून मी रोज सकाळी त्यांची लघवी तपासत असे. साखर कमी असली की रंग हिरवा येई, वाढली की विटकरी. महिनाभर हिरवा आला. मग सलग आठवडाभर विटकरी आला आणि एका दुपारी आबा बेशुद्ध पडले.

ते वाचले. शुद्धीवर आल्यावर कळलं, की डॉक्टरांनी दिलेली इन्शुलिनची सुई त्यांनी बंद केली होती आणि पाला चावून ते रोज गूळ-भाकरी खात होते. गोड लागत नाही म्हणजे साखर मेली, असा त्यांचा हिशेब.

मी रागानं बाजारात गेलो आणि लघवीच्या विटकरी रंगाचं सांगत गिऱ्हाइकांसमोरच मथुरबायला बोललो. जुड्या बांधता बांधता तिनं सगळं ऐकून घेतलं.

"म्हातारा जगला ना?" तिनं विचारलं. मग म्हणाली, "पाला जिभंला फसवतो, मास्तर. रगताचं मना ठाव नाय."

रक्ताचं मलाही ठाऊक नव्हतं, आणि मी तर शिकलेला होतो.

तिनं डब्यातला सगळा गूळ टांग्याच्या घोड्याला घातला. त्यानंतर ती नुसताच पाला विकू लागली. गिऱ्हाईक निम्म्यावर आलं. शेजारची भाजीवाली तिला हसायची, की गुळाबरोबर अक्कलही घोड्याला घातलीस.

पुढच्या महिन्यात ती आमच्या दारात आली. पदराखालून तिनं एक बाटली काढली.

"धा वर्सं मी बी पाला खाते," ती म्हणाली. "माजा रंग बगा."

मी द्रावण उकळलं. ती नळीकडे न बघता माझ्या तोंडाकडे बघत राहिली. रंग विटकरी आला. मी तसं सांगितलं. दुसऱ्या दिवशी आबाच तिला डॉक्टरांकडे घेऊन गेले.

मथुरबायनं पाला विकणं शेवटपर्यंत सोडलं नाही. फक्त गिऱ्हाईक आलं, की आधी पदर सारून दंडावरच्या सुईच्या खुणा दाखवायची. "ही चालू हाय ना तुमची? मंग बसा."