बिलातली पहिली ओळ

बापूसाहेबांनी माझं बिल काठीच्या टोकानं ओटीवरून खाली ढकललं. हात लावला नाही.

"बिल? तुझ्या बापानं कधी बिल दिलं होतं का रे? खळ्यावर ये, चार पायली भात ने."

मी अंगणात उभा. त्यांच्या म्हाताऱ्या आईचा मी काढलेला फोटो मात्र गड्यानं उचलून आत नेला. देवघराच्या भिंतीवर लावला. फोटो चालला, बिल विटाळलं. वा रे वा!

मुंबईत एका स्टुडिओत काचा धुता धुता मी हे काम शिकलो. मोडका कॅमेरा विकत घेऊन कर्जतला परत आलो. वाटलं होतं, कॅमेरा हातात आला की आपली जात कोण विचारतोय! खुळा होतो.

बाप म्हणाला, "घे रं भात. आपल्याला गावात रावायचं हाय."

"मी फोटो काढलाय बाबा. बलुत्याचं काम नाय केलं."

त्यानं पाठ फिरवली. त्या दिवसापासून माझ्याशी बोलणंच टाकलं. वस्तीतले म्हणायचे, साहेब झालाय हा. भात आणायला मी गेलो नाही. खांद्यावर कॅमेरा घेऊन पोशीर, खालापूर एकटाच फिरायचो, एकटाच जेवायचो. फार लागायचं मनाला.

वर्षानं बापूसाहेबांची आई वारली. त्यांचा गडी आला.

"आजून दोन फोटू पायजेत. काच तुज्याकडंच हाय ना?"

होती. जिच्यावरून फोटो छापतात ती मूळ काच माझ्याकडंच राहते. म्हातारीचा दुसरा फोटो कुठंच नव्हता.

दोन फोटो तयार केले. नवं बिल लिहिलं. कागद, फोटो धुण्याचं औषध, मजुरी. आणि सगळ्यांच्या वर एक ओळ.

बापूसाहेबांच्या अंगणात उभा राहून म्हणालो, "आधी बिल हातात घ्या, मग फोटो." ते हलले नाहीत. मग मीच मोठ्यानं वाचलं, "फोटो धुण्यास पाणी, महारवाड्याच्या विहिरीचं. दहा घागरी. पैसे नाहीत."

त्यांचा चेहरा उतरला. "म्हणजे आतला फोटोसुद्धा..."

"त्याच पाण्यातला."

"नीघ इथून!"

ओरडले, पण नजर देवघराकडं. आईला भिंतीवरून उतरवा म्हणवेना, राहू द्या म्हणवेना.

मी फोटो पिशवीत घालून परत आलो. दोन्ही वेळची मजुरी बुडाली. त्या दिवशीही घरात कुणी माझ्याशी बोललं नाही. एकटाच बसलो आणि पुढच्या गिऱ्हाइकाचं बिल लिहायला घेतलं. पहिली ओळ पाण्याची. ज्याला ती ओळ हातात धरवत नसेल, त्यानं माझ्या कॅमेऱ्यापुढं बसू नये.