आत्यांची चाळिशी

रसायनशास्त्रात एम.एस्सी., चार वर्षं नोकरी, आणि मग तेरा वर्षं चूल, दोन लेकरं आणि दारातल्या शेळ्या. एवढं झाल्यावर बीडच्या एका खासगी माती परीक्षण प्रयोगशाळेनं मला महिनाभर कामावर घेतलं. जमलं तर पक्कं, नाही तर घरी, असं पहिल्याच दिवशी स्वच्छ सांगितलं होतं. तिथल्या मॅडम माझ्याहून चौदा वर्षांनी लहान. पण ते असो.

काम साधं होतं. ब्यूरेट म्हणजे बारीक रेघांची उभी काचेची नळी. तिच्यातून थेंब थेंब द्रावण सोडायचं, खालच्या चंबूतला हिरवट रंग विटकरी झाला की थांबायचं आणि किती द्रावण गेलं ते रेघेवर वाचायचं. त्यावरून मातीतला सेंद्रिय कर्ब निघतो. कॉलेजात हे मी गप्पा मारत करायचे. इथं प्रत्येक माती दोनदा तपासायची आणि दोन्ही आकडे जुळले पाहिजेत, असा नियम. माझे जुळेनात. रंग तर मी एका थेंबावर पकडायचे, तरी आकडे आपले दोन दिशांना. तिसऱ्या आठवड्यात मॅडमनी माझ्या वहीत लाल गोल काढले आणि शनिवारपर्यंत बघू म्हणाल्या. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्या संध्याकाळी घरी परतताना मांजरसुंब्यापर्यंत जीपमध्ये माझ्या डोक्यात एकच होतं, की मी विसरले. तेरा वर्षांत सगळं धुऊन गेलं. फार लाज वाटत होती. नसते उद्योग कशाला, असं जाऊ म्हणाली होती आणि मी तिला ताडकन उत्तर देऊन निघाले होते.

घरी आल्यावर आत्यांना सांगितलं. आमच्याकडे सासूला आत्याच म्हणतात. आत्या शाळेची पायरी चढलेल्या नाहीत. त्या गोधडी शिवत बसल्या होत्या. त्यांनी कर्बाबद्दल काही विचारलं नाही, सुई आणि दोरा माझ्यापुढं धरला.

"ओव."

मी सवयीनं लेकीला हाक मारली.

"तिला न्हाई. तू ओव."

मी दोरा ओला केला. सुई जवळ धरली, मग लांब धरली. चार वेळा दोरा नेढ्याच्या शेजारून गेला.

"काय बी इसरली न्हाईस तू," आत्या म्हणाल्या. "चाळिशी लागली तुला."

मला आधी हसू आलं आणि मग रडू. वयाची चाळिशी माहीत होती, ती नाकावरही चढवावी लागते हे डोक्यातच आलं नव्हतं. येणार कुठून? सुई लेक ओवायची, गोळ्यांच्या पाकिटावरची तारीख लेक वाचायची, फोनमधली अक्षरंही तिनंच मोठी करून दिली होती. आणि मी, एम.एस्सी. झालेली बाई, तीन आठवडे डोक्याला दोष देत बसले होते.

आत्यांनी स्वतःचा चष्मा काढून माझ्या हातात दिला. धारूरच्या बाजारातला, एक काडी दोऱ्यानं बांधलेली. मी नको म्हटलं तर त्यांनी ऐकलंच नाही.

दुसऱ्या दिवशी तो लावला. नंबर जरा जास्त होता, ब्यूरेटला नाक टेकवावं लागत होतं. पण रेघ न् रेघ दिसली. आठ मात्या दोन-दोनदा तपासल्या, आठही जुळल्या. मॅडमनी आकडे पाहिले, मग काडीचा दोरा पाहिला.

"उद्यापासून माझे नमुनेही तुम्हीच घ्या," त्या म्हणाल्या. शनिवार यायला अजून दोन दिवस होते.

घरी मी ही बातमी सांगितली आणि सगळे जेवायला बसलो. दुसऱ्याच घासाला नवऱ्याच्या दाताखाली कचकन खडा आला. घरची डाळ रोज आत्याच निवडतात. मी मान खाली घातली.

"वरणात खडा हाय," तो म्हणाला.

"जेव गुमान," आत्या म्हणाल्या. "माझा चष्मा कामाला लागलाय."